तीन पत्रिका आणि एक बटण

कॉम्प्युटरवर उघडलेलं सगळं एका झटक्यात गायब करून नुसता डेस्कटॉप दाखवायची एक सोय असते. ती अत्यंत उपयुक्त आहे, असं माझं आजही ठाम मत आहे. आमच्या घरात या मताचा मी एकटाच आहे.

मी शाळामास्तर. पन्नाशीला टेकल्यावर कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि त्यातलं एवढं एकच माझ्या डोक्यात राहिलं: खिडकीचं चित्र असलेलं बटण दाबून धरायचं आणि डी दाबायचा. समोरचं सगळं छू! पुन्हा तेच दाबलं की सगळं जागेवर परत. शाळेत कॉम्प्युटरवर पत्ते खेळताना हेडमास्तर आले की मी डी दाबायचो. (ते कौतुकानं म्हणायचे, "सर, मोकळ्या स्क्रीनकडं बघून एवढा कसला विचार करता?")

मग आमच्या अश्विनीचं लग्न ठरलं आणि पत्रिकेचा विषय निघाला. आमच्याकडं लग्न जमवणं सोपं, पत्रिका जमवणं अवघड! मुहूर्त कुणी वाचत नाही, जो तो आधी आपलं नाव शोधतो आणि ते कुणाच्या खाली आहे ते बघतो.

निमंत्रकांत पहिलं नाव कुणाचं? दावेदार दोन. एक माझे थोरले भाऊ अण्णा, दुसरे बायकोचे भाऊ, म्हणजे अश्विनीचे मामा. माझ्या लग्नाच्या पंगतीत मामांच्या पानावर जिलेबी वाढायची राहिली आणि वाढपी होते अण्णा. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. जे काय बोलायचं ते माझ्यामार्फत!

"सुध्या," अण्णा म्हणाले, "माझं नाव त्याच्या खाली गेलं तर मी मांडवात पाय ठेवणार न्हाई. सांगून ठेवतो."

मामा म्हणाले, "दाजी, मी खाली असलो तर मग पोरीला बोहल्यावर कोण आणतंय तेच बघतो."

अश्विनी तर रडकुंडीला आली. "पप्पा, मला मामाच पाहिजेत. आणि अण्णा न्हाई आले तर मी हळदच लावून घेणार न्हाई. तुमी काय पण करा!"

मी केलं. पत्रिका घरच्या लॅपटॉपवर मीच टाइप केली होती, तिच्या मी वेगवेगळ्या प्रती काढल्या. एकीत अण्णा वर, मामा खाली. दुसरीत मामा वर, अण्णा खाली. ज्याला त्याला त्याची दाखवायची, 'व्वा' म्हणवून घ्यायचं आणि पाठवून द्यायचं.

बायको म्हणाली, "अवो, छापून आल्यावर काय करताल?"

"प्रेसवाल्याची चूक म्हणायचं."

"तुमची अक्कल लई मोठी हाय," ती म्हणाली आणि भाकरी थापायला निघून गेली. मला ते कौतुकच वाटलं.

पहिली पत्रिका लिंबागणेशच्या गणपतीपुढं ठेवायची म्हणून रविवारी सकाळीच अण्णा ती बघायला आले. मी त्यांना त्यांची पत्रिका दाखवली. स्वतःचं नाव वर बघून अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "आता कसं! अन् ते जिलेबीवालं कुठं हाय?"

"खाली हाय, अण्णा. पार खाली."

"आजून जरा खाली घे."

तेवढ्यात दारात मामा! "दाजी, मांजरसुंब्यापर्यंत आलतो, म्हणलं पत्रिका बघून जावं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण बोटांनी दगा दिला नाही. खिडकी, डी! पत्रिका गायब! मनात म्हणालो, शाब्बास रे मास्तर!

आता एक कबूल करतो. फोल्डरात ठेवलेलं मला पुन्हा सापडत नाही, म्हणून मी सगळं डेस्कटॉपवरच ठेवतो. आणि चष्म्याचा नंबर वाढल्यामुळं तिथल्या फायलींच्या नावांची अक्षरं चांगली ठसठशीत करून घेतली होती. पलीकडच्या खाटेवरूनसुद्धा वाचता यावीत इतकी.

अण्णा पुढं वाकले आणि पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचू लागले. "अण्णांना... दाखवायची."

मामा चपला काढायच्या विसरून आत आले. "अन् त्याच्या खाली काय हाय? मामांना... दाखवायची?"

मी घाबरून पुन्हा डी दाबला. तर अण्णांची पत्रिका परत वर, मामांच्या डोळ्यांसमोर! पुन्हा दाबला. डेस्कटॉप! पुन्हा. पत्रिका! माझं बोट काही थांबेना. दोघा म्हाताऱ्यांच्या माना नुसत्या पुढं-मागं होत होत्या.

"थांब बे!" अण्णा ओरडले, तेव्हा नेमका डेस्कटॉप समोर होता. मग ते मामांकडं वळले आणि जिलेबीनंतर पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. "पाव्हणं, ती तिसरी काय म्हणती बघा बरं. माझा चष्मा जुना हाय."

मामांनी वाचलं. "छापायची."

"ती शाळेची हाय!" मी म्हणालो. "गोपनीय हाय!"

"मग कावून घाम फुटला?" मामांनी विचारलं. तोवर आतून आलेल्या अश्विनीनं ती उघडलीसुद्धा. (पोटची पोर! काय बोलणार?)

सगळ्यात वर माझं नाव. दुप्पट मोठ्या अक्षरांत. पुढं 'आदर्श शिक्षक'. हा पुरस्कार मला अजून मिळायचा आहे. आणि अण्णा-मामा? दोघंही अगदी तळाला, 'समस्त गावकरी मंडळी'च्या जेमतेम एक ओळ वर.

मग मामांनी खुर्ची ओढून अण्णांच्या शेजारी टाकली. "अण्णासाहेब, हा माणूस आपल्या दोघांना पण येडं समजतो."

"ल्हानपणापासून असाच हाय," अण्णा म्हणाले आणि माझ्या बायकोला हाक मारली. "आक्के, च्या टाक. दोन कप."

आम्ही घरात पाच माणसं होतो.

दोघांनी मिळून अश्विनीकडून नवी पत्रिका टाइप करून घेतली. दोघांची नावं एकाच ओळीत, शेजारी शेजारी. अण्णा म्हणत होते, "तुमी आधी घ्या," आणि मामा म्हणत होते, "छे छे, मान तुमचा!" मला लॅपटॉपला हातसुद्धा लावू दिला नाही.

"अन् माझं नाव?" मी भीत भीत विचारलं.

"हाय की," अण्णा म्हणाले.

होतं. पत्रिकेच्या तळाला भावकीतल्या लेकरांची एक ओळ असते, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' अशी. तिथं चि. पिंटू आणि कु. परी यांच्या मधोमध टाइप केलं होतं: चि. सुधाकर.

लग्न मात्र झोकात झालं. मामांनी अश्विनीला बोहल्यावर आणलं, पुढं वाट करत अण्णा चालत होते. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. मानपानाची वेळ झाली तेव्हा व्याह्यांनी पत्रिका हातात घेऊन, एकेक नाव वाचत, रीतसर मान दिला. अण्णांना फेटा. मामांना फेटा. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी पत्रिका खालपर्यंत वाचली, अण्णांकडं बघितलं, अण्णांनी मान हलवली आणि व्याह्यांनी माझ्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला.

मी तो तिथंच फोडला. पिंटूनं अर्धी बिस्किटं हिसकून घेतली.