बायकोचे गॅमा स्फोट

शेलूबाजारला माझं पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंडिंग करून द्यायचं दुकान आहे, आणि बायको तिथल्याच ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. मागच्या वर्षी तिनं पुण्याच्या एका संशोधन संस्थेच्या कामात नाव घातलं. आकाशात कुठं गॅमा किरणांचा स्फोट झाला की उपग्रह तो टिपतो. त्याचे आलेख हिच्यासारख्या हौशी लोकांच्या मोबाइलवर येतात. शिखर एक आहे की अनेक, चढ कसा, उतार कसा, ते पाहून कळवायचं. पगार वगैरे काही नाही.

सुरुवातीला मीच दुकानात येईल त्याला कौतुकानं सांगायचो. मग सरांचे फोन सुरू झाले. ते त्या संस्थेतले संशोधक. बायको माझ्याशी वऱ्हाडीत बोलते, पण सरांचा फोन आला की एकदम पुस्तकातली भाषा. "हो सर, मलाही तसंच वाटलं." आणि हसायची. ते हसू मी लग्नाआधी, तिला बघायला गेलो तेव्हा ऐकलं होतं. मधल्या काळात ते कुठं गेलं होतं, याचा विचार मी कधी केला नव्हता.

जेवतानाही सरच. "सर म्हणतात, एवढाला तारा आपल्याच वजनानं आत कोसळते अन् सूर्य जलमभर देणार नाई तेवढी ऊर्जा काही सेकंदात फेकते."

"सर जेवतात का नाई?" मी विचारलं.

ती म्हणाली, "काहून असे बोलून राह्यले?"

दिवाळीनंतर सर वाशिमला व्याख्यानाला आले आणि बायकोनं त्यांना जेवायला बोलावलं. माझ्या मनात टक्कल पडलेला, जाड चष्म्याचा माणूस होता. आले ते माझ्याच वयाचे, अंगानं सडपातळ, आणि बोलायला इतके चांगले की राग धरायला जागाच ठेवली नाही. माझा राग त्यानं आणखीच वाढला. मी वांग्याची भाजी आग्रहानं वाढत होतो आणि त्यांना तिखट कधी लागतं याची वाटही पाहत होतो. त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

जेवता जेवता सर म्हणाले, "त्या एका स्फोटावरून आमचा वाद झाला होता. मी म्हणत होतो शिखर एकच आहे. या म्हणाल्या, दोन आहेत, एकमेकांत मिसळलेली. आम्ही पुन्हा तपासलं. यांचंच बरोबर निघालं."

बायकोचा चेहरा एकदम फुलला. मी तिला साड्या आणल्या होत्या, तिच्या नावावर प्लॉट घेतला होता. असा चेहरा माझ्या कशानंच झाला नव्हता.

सरांची गाडी गेल्यावर मी ताटं उचलायला लागलो. मी कधी उचलत नाही, म्हणून तिनं ओळखलंच.

"तुमाले काय झालं?"

"मी जळून राह्यलो," मी सरळ सांगून टाकलं.

"सरांवर?"

हो म्हणणार होतो, पण ते खरं नव्हतं. उद्या सर दिसले नाहीत तरी मला बरं वाटणार नव्हतं. "तुह्यावर," मी म्हणालो. "तुले काहीतरी सापडलं. मले नाई सापडलं."

ती हसली नाही, समजूतही काढली नाही. माझ्या हातातली ताटं घेतली आणि म्हणाली, "मले तरी कुठं ठाव होतं, मले काही पाहिजे होतं म्हणून?"

जानेवारीत संस्थेनं तिला पुण्याला बैठकीला बोलावलं. मी फाट्यावर ट्रॅव्हल्समध्ये बसवून द्यायला गेलो. मीही येऊ का, असं विचारायचं ठरवून गेलो होतो, पण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मागं बरीच माणसं बोलत होती, इंग्रजीत, हसत. तिच्या बाजूला कोण बसलंय, हे मला विचारायचं होतं.

"काय दाखवलं आज?" मी विचारलं.

ती सांगायला लागली. दोन मेलेले तारे एकमेकांभोवती फिरत फिरत आदळतात, त्यातूनही असाच स्फोट होतो, म्हणाली. दुकानात एक शेतकरी जळालेली मोटार घेऊन उभा होता. त्याला मी हातानंच थांब म्हणालो. मी अजूनही जळत होतोच, पण फोन ठेवावा असं वाटलं नाही.

"मंग?" मी म्हणालो. "मंग काय होते?"