झ्लातिनाचा निळा सूट

मुलाखत साडेनऊला होती आणि सकाळी सहापासून झ्लातिनाच्या खुर्चीवर दोन कपडे पडून होते. एक गडद निळा, स्कर्टचा सूट, लेकीच्या लग्नासाठी शिवलेला, एकदाच घातलेला. दुसरं कामावरचं जाकीट. त्याचाही रंग एकेकाळी निळाच होता. डाव्या खिशावर पांढऱ्या दोऱ्यानं तिचं नाव भरलेलं होतं.

एकवीस वर्षांची असताना झ्लातिना नदीकाठच्या रुसे शहरातल्या एका फाउंड्रीत छताखालच्या क्रेनवर चढली, ती बावीस वर्षं तिथंच बसली. वर काचेच्या खोपटात ती, खाली साखळ्यांना टांगलेल्या भांड्यात वितळलेलं लोखंड. भट्टीपासून साच्यापर्यंत ते न हिंदकळता न्यायचं, एवढंच तिचं काम. हिंदकळलं तर खालचा माणूस जळणार, आणि खालच्या माणसांत तिचा नवराही होता. बावीस वर्षांत कोणी जळलं नाही. पुढं फाउंड्री बंद पडली, नवरा आजारपणात गेला, आणि गेली सात वर्षं ती कोपऱ्यावरच्या बेकरीत चीजच्या गरम वड्या कागदात गुंडाळून देत होती. गिऱ्हाइकांच्या डोळ्यांना डोळे भिडायचे तेव्हा तिला अजून चमत्कारिक वाटे. माणसांचे फक्त माथे बघायची तिला सवय होती.

आता नदीबंदरावर क्रेन चालवणारा माणूस हवा होता. पन्नाशीला आलेल्या बाईला पुन्हा असं बोलावणं येणार नव्हतं, हे ती जाणून होती.

"सूटच घाल, आई," लेक फोनवर म्हणाली. "तिथं सगळे पुरुष असणार. तू फरशी पुसायला आलीयेस असं वाटायला नको."

"आणि सूटमध्ये मी बँकेतली वाटले तर?"

"वाटू दे. बँकेतलीला निदान खुर्ची तरी देतात."

सासू, चौऱ्याऐंशी वर्षांची केरा, भिंतीला टेकून ऐकत होती. "लेक बरोबर बोलतेय," ती म्हणाली. "ते जाकीट घालून तू नि माझा पोरगा संध्याकाळी घरी यायचात, तेव्हा दोघांनाही करपल्याचा वास यायचा. मी पंचवीस वेळा धुतलं असेल. जात नाही."

झ्लातिनानं जाकीट नाकाला लावलं. खरंच, गेला नव्हता. तिनं ते खिडकीच्या कडीला टांगलं आणि सूट घातला.

कामासाठी, परीक्षेसाठी कोणी घराबाहेर पडताना उंबऱ्यापुढं पाणी ओतायचं, म्हणजे सगळं पाण्यासारखं सुरळीत वाहतं. केरानं तांब्याचा गडू काठोकाठ भरला, त्यात जिरेनियमची लाल फुलं सोडली आणि दारात उभी राहिली. झ्लातिनानं पाऊल बाहेर टाकलं आणि म्हातारीच्या हातातला गडू कलंडला. गडूभर पाणी तिच्या छातीवरून, स्कर्टवरून, थेट बुटांत उतरलं. एक फूल कॉलरला चिकटून राहिलं.

रस्त्याच्या वळणावर बस दिसत होती.

"कपडे बदलते," झ्लातिना म्हणाली.

"मागं फिरायचं नाही." केरा दारात आडवी झाली. "उंबरा ओलांडलास. आता घरात आलीस तर ओतलेलं वाया."

"आई, मी बदकासारखी दिसतेय."

"बदकं बुडत नाहीत. थांब तिथंच."

म्हातारी आत गेली, खिडकी उघडली आणि कामावरचं जाकीट बाहेर फेकलं. झ्लातिनानं ते वरच्यावर झेललं, ओल्या सुटावरच चढवलं आणि बसकडे धावली.

बंदराच्या कचेरीत ती बसली तेव्हा खुर्चीवर ओल उमटली. मुख्य अभियंते दोब्रेव टेबलावरून वाकून तिच्या बुटांकडे बघत राहिले.

"बाहेर पाऊस लागलाय का?"

"नाही. सासूबाईंनी पाणी ओतलं."

"किती?"

"होतं तेवढं."

दोब्रेवनी मान डोलावली, जणू हे कागदपत्रांपैकीच एक होतं. "माझ्या आईनं बादली ओतली होती. मी घसरून हनुवटी फोडून घेतली. पण पास झालो." मग त्यांची नजर खिशावरच्या नावावर थांबली. "हा फाउंड्रीचा दोरा. बावीस वर्षं लिहिलंय तुम्ही अर्जात. पण मध्ये सात वर्षं काहीच नाही. हात विसरतात, बाई. चाचणी घ्यावी लागेल. वर चढायचंय, तर उद्या पॅंट घालून या."

बाहेर बाकावर एक धडधाकट माणूस आपल्या मुलाखतीची वाट बघत बसला होता, पॅंटमध्ये.

"आजच चढते," झ्लातिना म्हणाली.

सफाईच्या बाईनं आपले रबरी बूट दिले, दोन नंबर मोठे. स्कर्ट अरुंद होता. झ्लातिनानं शिवणीत बोटं घालून तो गुडघ्याच्या वरपर्यंत उसवला. लेकीच्या लग्नाचा दोरा तडतडत निघाला. मग तिनं शिडीला हात घातला.

तिची जुनी क्रेन छताखाली होती. वर पत्रा, खाली आग, एवढंच तिनं उंचीवरून पाहिलेलं. या शिडीला छतच नव्हतं. अर्ध्यावर वारा लागला, ओला स्कर्ट पायांना चिकटला आणि सुटला. खोपटात बसून तिनं समोर पाहिलं, आणि दांड्यांवर ठेवलेले हात तसेच राहिले.

जन्मभर ती या नदीच्या काठी राहिली होती. नदी म्हणजे रस्त्याच्या टोकाला दिसणारी एक राखाडी पट्टी, असं ती धरून चालली होती. आता डॅन्यूब आख्खी दिसत होती. कुठून येते ते दिसत होतं, कशी वळते ते दिसत होतं, मधली बेटं, पलीकडं रुमानियातली पॉप्लरची झाडं, आणि या सगळ्यामधून घाई न करता चाललेलं ते अवाढव्य पाणी. एवढं पाणी हलत होतं आणि आवाज नव्हता.

"ऐकू येतंय का?" रेडिओवर दोब्रेव होते. "खाली पिंप आहे, पाण्यानं काठोकाठ भरलेलं. उचला, त्या तीन खांबांमधून न्या, न सांडता पांढऱ्या वर्तुळात ठेवा."

तिनं उचललं. पिंप झोका घेऊ लागलं. झोक्याला अडवायचं नसतं, त्याच्या मागोमाग जायचं असतं आणि तो थकेल त्या क्षणी त्याच्याजवळ पोचायचं असतं. हे तिनं आठवलं नाही. हातांनी ते आधीच केलं होतं. खाली माणसांचे माथे मागं सरले. पहिला खांब, दुसरा, तिसरा. पिंप वर्तुळात टेकलं. त्याच्या गोल तोंडात आभाळाचा एक तुकडा होता, तो जरासा डुलला आणि स्थिर झाला.

एक माथा पिंपाभोवती फिरला, वाकला; त्यानं जमिनीवरून हात फिरवला आणि कोरडा तळहात पाहिला.

रेडिओ खरखरला.

"सोमवारी सहाला या," दोब्रेव म्हणाले. "आणि पॅंट घाला."

"साहेब, अजून थोडा वेळ वर बसू का?"

"काही बिघडलंय का?"

"नाही. बघतेय."

"बसा," ते म्हणाले.

खाली ते बाकावरच्या माणसाशी बोलायला वळले. झ्लातिनानं हात मांडीवर ठेवले. स्कर्ट वाळला होता. कॉलरवरचं फूल तिला आता सापडलं. तिनं ते काचेच्या कडेला, नदीकडे तोंड करून ठेवलं.