साठीच्या वर बसू देत नाहीत

ही गोष्ट माझ्या घरात कुणालाच ठाऊक नाही. मानसीला, म्हणजे माझ्या बायकोला, माझं सगळं कळतं — पोटदुखीपासून पगारवाढीपर्यंत — पण हे मी तिलाही कधी सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या वहिनीला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा काल संध्याकाळी पुन्हा त्या पार्कात जाऊन आलो, त्यामुळेही असेल.

काल पुण्याचे पाहुणे होते. सिंगापुरात राहणाऱ्या मराठी माणसाला सेंटोसा बेटावरचं ते करमणुकीचं पार्क काही चुकत नाही. चांगी विमानतळावरून पाहुणे आणायचे, आंग मो किओच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या बॅगा टाकायच्या, आणि येत्या शनिवारी त्यांना पाळणे, घसरगुंड्या आणि रोलरकोस्टर दाखवायला न्यायचं. एवढ्या वेळा गेलोय की आता मी राइड्स बघतच नाही, माणसं बघत बसतो.

काय आवडत असेल माणसांना तिथे? उन्हात तासभर रांगेत उभं राहायचं, पोटात गोळा आणून घ्यायचा, आणि उतरल्यावर पुन्हा रांगेत. मला वाटतं — हे माझं आपलं मत — लोक तिथे ओरडायला येतात. या शहरात कुणी ओरडत नाही. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, शंभर माणसं असतात आणि दार बंद होताना वाजतं तेवढाच आवाज. लिफ्टमध्ये शेजारी मान हलवतो, झालं. पण त्या फाटकातून आत गेलं की बँकेतले साहेब, त्यांच्या सासवा, शाळेतली पोरं, सगळे गळा फाडून ओरडतात आणि कुणी वळूनसुद्धा बघत नाही.

संध्याकाळी तिथे एक वेळ येते. ऊन उतरतं, समुद्राकडून वारा सुटतो, साखर जळल्याचा गोड वास येतो, आणि सगळं थोडं पाण्याखालच्यासारखं हलू लागतं. मग वरून कुठूनतरी एक आरोळी येते, लांबत जाते, विरते. मी बाकावर डोळे मिटून बसतो आणि त्या आरोळ्यांत एक आवाज शोधतो. काल पाहुण्यांनी विचारलं, झोप आली का? मी हो म्हणालो.

तो आवाज वहिनीचा.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. घरात बाई हवी म्हणून दादाचं लग्न घाईनं उरकलं. वहिनी आली ती जेमतेम एकोणीस वर्षांची, आणि आल्या दिवसापासून मी तिच्याच ताटातला. मिरजेपासून थोडं पुढे आमचं गाव. वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, एक दंडक होता — सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. वहिनीनं तो इतका पाळला की नव्यानं राहायला आलेल्या शेजारणींना ती मुकीच वाटायची. मला हाक मारायची तीसुद्धा कडी वाजवून.

फक्त जत्रेत... गावाबाहेरच्या माळावर वर्षातून एकदा जत्रा भरायची, आकाशपाळणा यायचा. वहिनी अण्णांसमोर पदर सावरून उभी राहायची आणि हळूच म्हणायची, “महेश पाळण्यासाठी हट्ट धरून बसलाय.” मी कसला हट्ट धरतोय? मला तर त्या पाळण्याची भीती वाटायची. पण मी मान डोलवायचो. वर जाईपर्यंत ती गप्प असायची. वरून खाली येताना मात्र माझा हात घट्ट धरून ती अशी ओरडायची — “आई गंऽऽऽ!” — आणि त्या ओरडण्यातच हसू फुटायचं. प्रत्येक फेरीला तेच. पाळण्यात सगळेच ओरडतात, कोण कुणाला बोलणार? खाली उतरली की केस नीट करायची, पदर डोक्यावर घ्यायची, आणि पुढच्या जत्रेपर्यंत पुन्हा घरातली वहिनी. पुढे अण्णा गेले, मी शिकलो, पुण्याला गेलो, इकडे आलो. ती मात्र दरवर्षी पाळण्यात बसत राहिली. गल्लीतल्या चार बायकाही सोबत न्यायची.

हे तुम्हाला आधी सांगतोय, कारण मला माहीत होतं. ते ओरडणं तिचं काय होतं, हे दादालाही माहीत नव्हतं. जगात एकट्या मला माहीत होतं.

आता सिंगापूरच्या नियमांबद्दल थोडं. आमचे पाहुणे विमानात बसण्याआधीच घाबरलेले असतात. च्युइंगगम आणायचं नाही, एमआरटीत पाणी प्यायचं नाही, कचरा टाकला की दंड. मग इथे राहणाऱ्याला एक खोड लागते — जे नको असेल त्याला नियम म्हणायचं. कंटाळा आला असला की मी म्हणायचो, “तिथे आज परवानगी नसते,” आणि पाहुणे मान डोलवायचे. एका काकांना मी सांगितलं होतं की, इथे बाल्कनीत घोरलं तर दंड होतो. ते बिचारे आत येऊन झोपले! मानसी आणि मी किती हसलो होतो. गावाकडच्या माणसाला सिंगापुरातला नियम सांगावा, तो कधीच उलटून विचारत नाही. आपल्याकडे कुणी नियम पाळत नाही, तिथे पाळतात, याचं त्याला कौतुकच असतं.

दादा गेल्यानंतर दोन वर्षांनी वहिनी आमच्याकडे आली. साठी नुकतीच उलटली होती. मिरजेतून पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन आली होती, खास पार्कासाठी. फोनवर महिनाभर तेच चाललं होतं — “लई उंच असतंय म्हणं रे तुमच्यातलं?” आल्यावर मानसीचा पंजाबी ड्रेस घालून आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःलाच हसली.

नेमका त्या शनिवारी आमच्या ऑफिसचा फॅमिली डे तिथेच होता. मानसीला काम होतं. मी, माझी मुलगी इरा आणि वहिनी, असे तिघं गेलो.

मी चांगी बिझनेस पार्कमध्ये हिशेब तपासण्याचं काम करतो. तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती मला तिथे. त्या वर्षांत मी काय कमावलं असेल, तर हळू बोलणं. हळू हसणं. कुणाला माझा त्रास होत नाही, असा माणूस. माझी साहेब, मिसेस टॅन, त्यासाठी माझं कौतुक करायची, आणि मला ते कौतुक — कसं सांगू — फार हवं असायचं.

पहिली राइड पाण्याची होती. होडी वर चढली, अंधारातून बाहेर आली, आणि वहिनी ओरडली. चाळीस वर्षांनी मी ते ऐकत होतो. तसंच, जराही कमी नाही. “आई गंऽऽऽ!” इरा खिदळत होती. मीही — हो, मीही हसलो. एक क्षण माझा हात तिच्या हातात होता, आणि मी सहा वर्षांचा होतो.

बाहेर पडताना तिथे पडदे असतात. होडी खाली येताना तुमचा फोटो काढतात आणि त्या पडद्यावर दाखवतात. आम्ही पोचलो तेव्हा ऑफिसातले पाच-सहा जण पडद्यासमोर उभे होते. पडद्यावर वहिनी होती. डोळे मिटलेले, तोंड उघडं, पार पडजीभ दिसेल इतकं, ओढणी वर उडालेली, दोन्ही हात आभाळात. माझ्या टीममधली मेइ लिंग टाळ्या वाजवत म्हणाली, “वा, महेश! युअर आंटी सो पॉवर, लाह!” सगळे हसले. मिसेस टॅनही हसली.

ते कौतुक होतं. आज मला ते स्वच्छ कळतं. तेव्हा मात्र माझे कान तापले. मला फक्त ती पडजीभ दिसत होती. वाटलं, माझं घर कुणीतरी उघडून या लोकांसमोर मांडलंय. वहिनीला इंग्रजी कळत नव्हतं, पण आपल्याकडे बघून लोक हसताहेत, म्हणजे आनंदानंच हसत असणार, असं धरून तीही हसली आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला. मिसेस टॅनलासुद्धा.

मग आम्ही मोठ्या रोलरकोस्टरकडे गेलो. ऑफिसचे लोक आमच्या पुढेच रांगेत होते. वहिनी बुटांचे बंद पुन्हा बांधत होती. बांधून उठली, माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हणालो —

“वहिनी, यात तुला नाही बसता येणार. साठीच्या वर बसू देत नाहीत. नियम आहे इथला.”

असा कुठलाही नियम नव्हता. पाटीवर फक्त मुलांची उंची लिहिली होती.

“होय?” ती म्हणाली. “आन मघाशी कसं बसू दिलं मग?”

“ते लहान होतं.”

तिनं पाटीकडे बघितलं. इंग्रजी पाटी. मग कठड्यापाशी उभा असलेला एक माणूस बघितला, गणवेशातला, आणि जरा मागे सरकली, जणू त्यानं तिला हटकलंच होतं. “असू दे,” ती म्हणाली. “नियम हाय तर हाय. द्या त्या पिशव्या इकडं, मी सांभाळते.” इरा म्हणाली, “आयो, सो अनफेअर, मोठी आई!” तिलाही खरंच वाटलं होतं.

आपल्या लोकांत कुणीतरी एक जण पिशव्या सांभाळायला बसतोच. सहलीत, लग्नात, देवळाबाहेर. घरातला कोण बसतो, हेही ठरलेलं असतं. जत्रेतला पाळणा सोडला तर आमच्याकडे ती नेहमी वहिनीच होती.

गाडी चढू लागली. किती सावकाश चढते ती! वर गेल्यावर समुद्र दिसला, उभी जहाजं दिसली, सगळ्यावर पिवळा उजेड पसरला होता, आणि खाली, अगदी लहान, एक बाक. बाकावर वहिनी. मांडीवर इराची बॅग, शेजारी माझी, पायांत ते पांढरे बूट. ती वर बघून हात हलवत होती. आम्ही कुठल्या गाडीत आहोत, हे तिला कळत नव्हतं, म्हणून ती येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात हलवत होती. मग गाडी कोसळली. सगळे ओरडले. माझ्या तोंडून आवाज निघाला नाही.

तुम्ही म्हणाल, एवढंसं खोटं. मीही बरेच दिवस तसंच म्हणत होतो. घोरण्याच्या दंडासारखंच की हेही. विसरून जाण्यासारखं.

पण गेल्या वर्षी आम्ही जत्रेच्या वेळी गावी गेलो. इरा आता मोठी झाली आहे. तिनं वहिनीचा हात धरून पाळण्याकडे ओढलं. वहिनी हसून थांबली. “न्हाई गं. साठीनंतर बसायचं नसतंय. सिंगापुरात नियमच हाय तसा. ती शानी माणसं, उगीच करतील व्हय?” तिच्या मागे त्या चार बायका उभ्या होत्या, आता सगळ्याच म्हाताऱ्या. त्यातली एक मला म्हणाली, “तुमच्या वहिनीनं तिकडनं आल्यावर सांगितलं, तवापासनं आमी बी सोडलं बघा.” अभिमानानं सांगत होती. त्यांनाही एक परदेशी नियम माहीत होता ना!

अण्णांना जे जमलं नाही ते मी केलं. त्यांनी तिचा आवाज उंबऱ्याच्या आत ठेवला, पण पाळणा त्यांनाही तिच्यापासून सोडवता आला नव्हता.

तिथे बोलता आलं असतं. नियमबियम काही नव्हता, चल, बस — एवढंच बोलायचं होतं. वहिनीनं हात पुढे केला. “द्या पिशव्या. जा तुम्ही.” आणि मी पिशवी दिली. पाळणा वर गेला, माळावर दिवे लागत होते, आणि खाली ती पुन्हा प्रत्येक पाळण्याला हात हलवत होती.

आणि एक राहिलं. मघाशी मी ते गाळलं.

त्या पडद्यासमोरून ऑफिसचे लोक पुढे गेल्यावर वहिनी जरा मागे रेंगाळली. स्वतःचा तो फोटो तिनं जवळ जाऊन बघितला. असं ओरडताना आपण कसे दिसतो, हे तिनं जन्मात कधी बघितलं नव्हतं. तिनं काचेवर बोट ठेवलं आणि विचारलं, “ह्यो मिळतोय का रे घरी न्यायला?” बाजूलाच काउंटर होता. लोक फोटो घेऊन चालले होते.

मी म्हणालो, “नाही वहिनी. तो नुसता बघायला असतो.”

“बरं,” ती म्हणाली, आणि बोट काढून घेतलं. पडद्यावर दुसऱ्या कुणाचे तरी चेहरे आले.