पासवर न केलेली सही

मैत्रिणींनो, आज सकाळी शिरूरच्या एसटी स्टँडवर थकून बसले होते. शेजारी बसलेली बाई नातीच्या पासचा अर्ज घेऊन आलेली.

“बाई, वळखलं न्हाई व्हय? मी शकुंतला. नववीला तुमच्याच वर्गात हुते.”

ओळखलं. सत्तरच्या दशकात मी इथे इंग्रजी शिकवायचे. एसटीच्या पासच्या अर्जावर वर्गशिक्षिकेची सही लागायची. शकुंतला चाचणीत नापास झाली आणि मी सही नाकारली. “आधी परीक्षा पास हो, मग एसटीचा पास.” हा माझा नियमच होता.

त्याच आठवड्यात मी वर्गाला हौसेने सांगितलं, की ‘पास’ हा शब्द ‘पाऊल’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. म्हणून तो परीक्षेत आहे, प्रवासात आहे, डोंगरातल्या खिंडीलाही आहे.

ती महिनाभर दोन कोस चालत शाळेत आली. मग यायची थांबली.

“पास म्हंजी पाऊल, ध्यानात हाय बाई,” ती आज हसून म्हणाली. “लय चालले म्या.”

नातीच्या अर्जावर शाळेची सही आहे ना, एवढं मी दोनदा पाहिलं. होती.

शिस्त म्हणून आपण जे नियम पाळले, ते कुणाच्या पायांवर पाळले?