नत्थूजीचं कापलेलं उत्तर

चूक ऋतिकची. आणि ती करताना आपण फार हुशारीचं काम करून राह्यलो, असंच त्याला वाटत होतं.

पोळ्याच्या संध्याकाळी त्यानं मोबाईलवर चार मिनिटांचा व्हिडिओ घेतला होता. घरी आला, खाटेवर उताणा पडला, त्यातली बावीस सेकंदं ठेवली आणि बाकीचं कापून टाकलं. बावीस सेकंदांच्या वर कोणी काही पाहत नाही, हा त्याचा अभ्यास. वर्ध्याजवळच्या आंजीत, एका दुकानात मोबाईलच्या काचा बदलता बदलता एवढा एकच अभ्यास त्यानं मन लावून केला होता. दुसऱ्या दिवशी नागपूरला मारबतीच्या मिरवणुकीचं शूटिंग करायचं होतं आणि मोबाईलमध्ये जागा नव्हती, म्हणून मूळ व्हिडिओही त्यानं उडवला. मग ती बावीस सेकंदं आपल्या 'उलटं खुरपं' नावाच्या चॅनलवर टाकली आणि निवांत झोपला.

ऋतिकचं गाव आंजीहून तीनेक किलोमीटर आत. तिथे पोळ्याला तोरणाखाली बैलांची रांग लागली की झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे यमक जुळवून भर गावात एकमेकांची केलेली चेष्टा, शेवटी हर हर महादेव. सरपंच सुटत नाही, जावई सुटत नाही. पण या गावाचा एक कायदा आहे. ज्याच्यावर झडती पडली, त्यानं तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय पोळा फुटत नाही, म्हणजे बैल तोरणाखालून हलत नाहीत. एका वर्षी पोलीस पाटलाला उत्तर सुचेना, तर जोड्या अंधार पडेस्तोवर उभ्या होत्या आणि बायका आरतीची ताटं घेऊन घरोघरी जांभया देत होत्या.

यंदा झडती टाकली रूपरावांनी. ऋतिकच्या वडिलांचे हे थोरले भाऊ, त्याचे मोठे बाबा. बोलण्याची त्यांना एवढी हौस की चुकीच्या नंबरवर फोन लागला तरी पंधरा मिनिटं ठेवत नाहीत. आणि झडती पडली नत्थूजीवर.

नत्थूजी बोलताना अडखळतो. लहानपणापासून. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणेस्तोवर मास्तर पुढच्या तीन नावांवर गेलेले असायचे. म्हणूनच की काय, मोठा झाल्यावर त्यानं पिठाची चक्की टाकली. चक्कीच्या आवाजात कोणीच बोलत नाही, सगळे बोटांनीच बोलतात. एक बोट जाड दळ, दोन बोटं बारीक. तीस वर्षं तो तिथे पिठानं पांढरा होऊन उभा आहे, आणि चक्की चालू असली की गावातल्या कुठल्याही माणसाएवढाच बोलका आहे. रूपराव आणि तो चौथीपर्यंत एका तरटावर बसले. रूपरावांनी त्याला जन्मभर चिडवलं, पण एक गोष्ट कधी केली नाही आणि दुसऱ्या कोणाला करू दिली नाही. अडलेलं वाक्य त्याच्या वतीनं पूर्ण करायचं नाही. थांबायचं. ज्यांना दोन मिनिटं स्वतःची जीभ आवरत नाही ते रूपराव नत्थूजीच्या एका शब्दासाठी बिडी संपेस्तोवर थांबत.

तर यंदाची झडती अशी होती:

"गहू गेला, ज्वारी गेली, गेलं सारं दळून,
न-न-नत्थूचा न-नमस्कार येते उद्या वळून!"

गाव हसलं. मग नत्थूजी पुढे आला आणि त्यानं उत्तर दिलं. त्याला यमकाचा ताल मिळाला की त्याची जीभ अडत नाही, एकदाही नाही. वर्षातून तेवढा एक दिवस तो भर चौकात एका दमात बोलतो. त्या उत्तरावर गाव दुप्पट हसलं, रूपराव कान पकडून हसले, आणि पोळा फुटला.

ऋतिकनं कापलं ते हे उत्तर.

चार दिवसांत त्या बावीस सेकंदांना अकरा लाख लोकांनी पाहिलं. पहिले दोन दिवस हसण्याचे होते. तिसऱ्या दिवशी देवळीच्या सुरभी नावाच्या मुलीनं व्हिडिओ टाकला. ती वर्ध्याला एम.ए. करत होती. तिनं शांतपणे एवढंच विचारलं, की एका म्हाताऱ्या माणसाच्या अडखळण्याची नक्कल करून अख्खं गाव हसतं आणि तो बिचारा खाली मान घालून उभा राहतो, यात विनोद कुठला? खरं तर नत्थूजी मान खाली घालून यमक जुळवत होता. पण बावीस सेकंदांत ते दिसायची सोय ऋतिकनं ठेवली नव्हती. जेवढं तिला दिसलं, तेवढ्यावर ती चूक नव्हती.

इथे ऋतिकनं थांबायला हवं होतं. त्याऐवजी त्यानं तिच्यावर व्हिडिओ केला. ताईंना पोळा म्हणजे पुरणाची पोळी वाटते, असं काहीबाही बोलला. वर तिची नक्कलही केली. तिच्या व्हिडिओत दर दोन वाक्यांनी कट असायचा, तसे दर दोन शब्दांनी कट मारून दाखवले आणि विचारलं, "ताई, एक वाक्य तरी सलग येते का तुमाले?" या व्हिडिओला पहिल्यापेक्षा जास्त हसू मिळालं.

मग मात्र दोघांच्याही हातात काही राहिलं नाही. नागपूरच्या कॉमेडीवाल्यांनी 'विनोद मेला' म्हणून मोबाईलपुढे मेणबत्त्या लावल्या. पुण्याच्या एका चॅनलवर तासभर चर्चा झाली, त्यात चार जण होते आणि चौघांपैकी एकानंही पोळा पाहिलेला नव्हता. सुरभीच्या बाजूचे रूपरावांना राक्षस म्हणू लागले, ऋतिकच्या बाजूचे सुरभीला जे म्हणू लागले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऋतिक दोन दिवस त्या कॉमेंटांना बदाम देत बसला. तिसऱ्या दिवशी त्यातल्या दोन-चार वाचल्या आणि मोबाईल पालथा ठेवला.

एवढ्यावर भागलं असतं. पण रीलमध्ये मागे चक्कीची पाटी दिसत होती: पीठ, हळद, मिरची दळून मिळेल, आणि खाली नंबर. नत्थूजीला फोन येऊ लागले. अर्धे रडवेले, काका घाबरू नका, आम्ही तुमच्यासोबत आहोत. अर्धे नुसतं "न-न-नमस्कार" म्हणून ठेवून देणारे. फोन ही तर त्याच्यासाठी जगातली सगळ्यात वाईट वस्तू. फोनवर बोटं दाखवता येत नाहीत. आठव्या दिवशी त्यानं फोन बंद केला, नवव्या दिवशी चक्की. बायका डबे घेऊन आंजीला जाऊ लागल्या. आणि रूपराव सकाळी नत्थूजीच्या ओट्याशी गेले, तर तो उठून आत निघून गेला. पन्नास-पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा.

रूपरावांचं बोलणं आटलं. घरात एवढी शांतता झाली की मोठ्या आईनं डॉक्टरला दाखवायचं काढलं.

शेवटी ऋतिक गेला. चक्की पुन्हा सुरू झाली होती, पण नत्थूजी कोणाकडे पाहत नव्हता. ऋतिकनं खालच्या मानेनं सांगितलं की काकाजी, चुकलं माझं, पण चक्कीच्या आवाजात ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. नत्थूजीनं पट्टा उतरवला. चक्की थांबेपर्यंत थांबला. मग बोलला, आणि त्याला बराच वेळ लागला.

"रूप्यानं च-चिडवलं. ते त्याचं कामच हाये. पण माझं उ... उत्तर काऊन कापलं बे? अकरा लाख लोकाइत म-मले मुका केलं तुनं."

मूळ व्हिडिओ उडवला, हे ऋतिकनं सांगितलं नाही. गावात दुसऱ्या कोणी घेतला असेल म्हणून त्यानं घरोघर विचारलं. पण ऋतिक घेऊनच राह्यला, मग आपण कशाला, असं सगळ्या गावानं ठरवलेलं होतं.

इंटरनेटवरचा राग पंधरा दिवसांत विझला, लोकांना दुसरं कोणी सापडलं. कागदावरचा राग मात्र हळू चालतो. सुरभीच्या कुण्या चाहत्यानं रूपरावांविरुद्ध अर्ज दिला होता, अपंगाची विटंबना म्हणून. ऋतिकच्या कुण्या चाहत्यानं सुरभीविरुद्ध दिला होता, सणाचा अपमान म्हणून. अर्ज देणाऱ्या दोघांनी रूपरावांना किंवा सुरभीला कधी समोर पाहिलेलंही नव्हतं. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी ठाण्यातून बोलावणं आलं, सगळ्यांना एकदम. ऋतिकला कोणीतरी सांगितलं होतं की सगळं नत्थूजीच्या बयानावर आहे. तो 'मला दुखलं' म्हणाला की रूपरावांवर केस. आणि नत्थूजी महिन्याभरापासून रूपरावांशी एक शब्द बोललेला नव्हता. एकाच एसटीनं गेले, तर एक पुढच्या दाराशी बसला, एक मागच्या बाकावर.

ठाणेदार साहेब भला माणूस होता, किंवा थकलेला होता. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. त्यानं दोन्ही अर्ज वाचले आणि नत्थूजीला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे.

नत्थूजीनं तोंड उघडलं आणि शब्द अडला. माणसं दुसऱ्याचा शब्द अडला की जे करतात ते सगळ्यांनी केलं. शिपाई छताकडे पाहू लागला. साहेबानं पेनाचं टोपण लावलं, काढलं. "म्हणजे तुम्हाला त्रास झाला, असंच ना?" साहेब मदतीच्या सुरात म्हणाला. "थांबा सायेब," रूपराव म्हणाले, "त्याचं तो बोलन." आणि त्याच क्षणी बाकाच्या दुसऱ्या टोकाची सुरभी "थ-थांबा" म्हणाली. तिचा थ दोनदा आला.

ऋतिकनं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या व्हिडिओतले सगळे कट त्याला एकापाठोपाठ आठवले, आणि त्यावर आपण मारलेले कटही. त्या बाकावर त्याला बसवेना आणि उठवेना.

नत्थूजी उठला आणि सरळ दाराकडे चालू लागला. रूपरावांचा चेहरा उतरला. बयान न देता हा निघाला, म्हणजे संपलंच. पण नत्थूजी उंबऱ्यातच थांबला. वर दसऱ्याचं झेंडूचं तोरण सुकून लोंबत होतं. त्याच्या बरोबर खाली उभं राहून त्यानं गळा साफ केला.

"माझा शब्द अडते दारी, घरात येते खरा,
रूप्याचं तोंड चोवीस तास, ऐकते कोण जरा?
बायको पळे अंगणात, बैल पळे रानात,
रूप्या बोले तेव्हा गाव कापूस घाले कानात!"

आणि एवढ्या जोरात हर हर महादेव केलं की लॉकअपमधल्या माणसानंही साथ दिली. शिपाई भिंतीकडे तोंड करून हसला. साहेबानं हसू नये म्हणून अर्ज तोंडापुढे धरला, तो हलत होता. रूपराव कान पकडून हसत होते, आणि हसता हसता गमछ्यानं डोळे पुसत होते. ऋतिकच्या छातीवरून कोणीतरी ज्वारीचं पोतं उतरवावं तसं झालं.

"मग यात गुन्हेगार कोण?" साहेबानं विचारलं.

नत्थूजीनं एक बोट ऋतिककडे केलं. जाड दळ.

सुरभीनं जाता जाता नत्थूजीला विचारलंच, की काका, पण वाईट नाही वाटत? नत्थूजीनं विचार केला. "व-वाटते ना. कधी कधी लय वाटते. म्हणून तर उ-उत्तर असते, पोरी." मग म्हणाला, "प-पोळ्याले येजो. मोकळ्या हातानं नको येऊ, ए-एक झडती घेऊन येजो."

दोन्ही अर्ज निकाली निघाले. मात्र यापुढे अर्धवट काही टाकणार नाही, असं ऋतिककडून लिहून घेतलं, आणि सुरभीकडून, की पूर्ण ऐकल्याशिवाय बोलणार नाही. ऋतिकजवळ पेन नव्हतं. सुरभीनं आपलं लिहून झाल्यावर पेन त्याच्यापुढे सरकवलं.

परतताना दोघं म्हातारे एका बाकावर बसले. रूपराव अजून भीतीनं गप्पच होते. दोन स्टॉप गेले तसा नत्थूजी म्हणाला, "ब-बोल ना बे रूप्या. कान दुखून राह्यले." आणि रूपराव जे सुरू झाले ते गावात उतरेपर्यंत थांबले नाहीत. कंडक्टर पुढे जाऊन बसला.

ऋतिकनं उंबऱ्यातलं ते उत्तर बाकावरूनच शूट केलं होतं, आणि मग साहेबाला विचारून घेतलं. न कापता टाकलं. दोन हजार तीनशे लोकांनी पाहिलं. त्यातले तीनशे गावचेच असावेत, पण नत्थूजीला त्याचं काही नाही. चक्कीवर येणाऱ्या प्रत्येकाला तो पट्टा उतरवून व्हिडिओ दाखवतो, त्यामुळे दळणाला उशीर होतो आणि बायका ऋतिकच्या नावानं बोटं मोडतात.

सुरभीवरचा व्हिडिओ त्यानं त्याच दिवशी काढून टाकला. पेन मात्र त्याच्या शर्टाच्या खिशात राहून गेलं, निळं, टोपण चावलेलं. दिवाळीत वर्ध्याच्या बसस्टँडवर ती दिसली होती, देवळीच्या गाडीच्या रांगेत. पेन खिशातच होतं. पण नुसतं पेन देऊन चालणार नव्हतं, सोबत एक वाक्यही द्यावं लागणार होतं, आणि ते वाक्य काही त्याच्या तोंडातून बाहेर पडेना. तेवढ्यात गाडी लागली, ती चढून गेली. पेन अजून त्याच्याकडेच आहे.