दुसरा डबा

कारखान्यात लूममध्ये माझं बोट गेलं तेव्हा मुलगी तिसरीच्या वर्गात बसली होती. शेजाऱ्याने तिला वर्गातून उचललं ते थेट दवाखान्यात आणलं. तेव्हापासून गणवेश अंगावर चढला की तिला उलटी व्हायची. मी आधी ओरडलो, नाटकं बंद कर म्हणालो. बायकोने मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. शेवटी पोरगीच एकदा म्हणाली, "पप्पा, मी घरी असले की तुमाला काय व्हत न्हाय. शाळेत गेले की व्हतंय."

मी शाळेत जाऊन हे सांगितलं. वर्गाच्या बाई म्हणाल्या, धीराने घ्या, पण तिला खोटं सांगू नका. मी मान डोलावली आणि घरी येऊन स्वतःचंच शहाणपण चालवलं.

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात डब्याशिवाय कुणी पाळीवर येत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणालो, "माझा डबा तुझ्या दप्तरात. शाळा सुटेपर्यंत मी गेटसमोरच्या लिंबाखाली बसतो. डब्याबिगर कामाला जाईन कसा?" तिला पटलं. दप्तर छातीशी धरून ती आत गेली. तिच्या वर्गातून गेट दिसत नव्हतं, हे मी आधीच बघून ठेवलं होतं. दुसरा डबा गाडीच्या डिकीत होता.

महिनाभर शाळा चालली. उलट्याही थांबल्या. बायको म्हणायची, "आता सांगून टाका की." मी म्हणायचो, चाललंय ते चालू दे. रोज शाळा सुटायच्या आधी, पाच वाजता, मुकादमाच्या हातापाया पडून निघायचो, नळावर तोंड धुवायचो, केस झटकायचो आणि लिंबाखाली येऊन बसायचो. खोटं कशाला बोलू, त्या सोंगाचं मला कौतुकच वाटायचं.

एकदा उशीर झाला आणि तोंड धुवायचं राहून गेलं. डबा पुढे करता करता ती थांबली. माझ्या भुवईत अडकलेला कापसाचा पुंजका तिने दोन बोटांनी काढला, बघितला आणि माझ्या हातावर ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी पोचताच तिने उलटी केली.

दुसऱ्या दिवशी तिने गणवेशाला हातच लावला नाही. मी तिच्यासमोर बसलो. "आज रजा टाकलीय. आज खरंच बसतो, शप्पथ."

रजा खरी होती. आत्ताच फोन करून घेतली होती.

"मग इतके दिवस दुपारी काय खात व्हता?" असं म्हणत ती अनवाणी बाहेर गेली आणि गाडीपाशी उभी राहिली. "डिकी उघडा."

बायकोने आजही सवयीने दोन डबे भरले होते, आणि मी सवयीने एक डिकीत ठेवला होता.