गौराईच्या पावलांचे दिवे आणायला सांगलीला

गौरी जवळ आल्या तशी माझी नात सायली म्हणाली, "आज्जी, यंदा गौरीची पावलं दिव्यांची करू. उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत एकेक दिवा लागत येईल." मी म्हटलं, माळ तर सगळी एकदम लागते. तर म्हणे, "आता नवी पट्टी मिळते सांगलीला, तिच्यातल्या प्रत्येक दिव्याला स्वतःचा पत्ता असतो." दिव्याला पत्ता! तिथंच मला शंका आली. पण सांगली बघायला मिळणार म्हणून हरखून तिच्याबरोबर निघाले.

रहिमतपूरहून कराड, तिथून सांगलीची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, डबा मात्र घरचाच घ्या. पेठ नाक्याला शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठं निघालाय?" मी म्हटलं, "पाव्हण्याकडं." कनवटीला पैसे असताना खरं कशाला सांगा? उसाच्या मागं ऊस सरत होता आणि ती बाई माझ्या पिशवीकडं बघत होती. निदान मला तसं वाटलं.

गणपती पेठेजवळच्या बोळात दुकान. दिव्यांच्या पट्ट्या सापासारख्या गुंडाळलेल्या. त्या चालवायला एक डबी लागते. एक डबी रिमोटची, एक मोबाईलवर चालणारी, महाग. दुकानदार सारखा महागडीच पुढं सरकवत होता. मी रिमोटची धरून बसले.

"आमचं बटण देव्हाऱ्यापाशी हाय, पट्टी तिथनंच सुरू व्हणार," मी म्हटलं. "दिवे उंबऱ्याकडनं आत आलं पायजेत. भाईर गेलं तर गौराई निघाली म्हणायची!"

"आवं आज्जी, पट्टी उलटी लावायची. सोपं हाय."

"मग आत्ताच लावून दाव."

साडी घेताना मी दोन्ही टोकं उलगडून बघते, तसंच हे. त्यानं दुसऱ्या टोकाला वायर जोडली. एकपण दिवा लागला नाही.

"बघितलंस सायले? फसवत हुता!"

सायली हसायलाच लागली. पट्टीवर बारीक बाण होता. "आज्जी, डबीचा हुकूम बाणाच्या दिशेनंच पुढं जातो. पाटाचं पाणी उलटं चढतं का?"

दुकानदारानं डोकं खाजवलं. "चुकलंच माझं. ह्या रिमोटात दिशा बदलायची सोय न्हाई. म्हणून तर मोबाईलची दाखवत हुतो." पट्टी परत सुलटी जोडून मोबाईलवर 'उलट' दाबलं, आणि उजेड लांबच्या टोकाकडनं माझ्याकडं चालत आला. मी पुन्हापुन्हा करायला लावलं. मग तीच घेतली. तुम्ही जाणार असाल तर घरातलं बटण कुठं आहे ते आधी बघून जा.

बिलासाठी त्यानं पत्ता विचारला. म्हटलं, "दिव्यांचा हाय की, माझा कशाला?"

येताना भडंग घेतलं. तेही चव बघूनच.

गौरी आल्या त्या दिवशी सून सुपात गौराई घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. मी विचारलं, "गौराई कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं!"

सायलीनं मोबाईल दाबला. पहिला दिवा उंबऱ्यात लागला, मग दुसरा, आणि उजेड सुनेच्या पायाबरोबर आत आला. मला रडू आलं आणि हसूही.

विसर्जनाला सायली म्हणते, "आता बाहेरच्या दिशेनं सोडू?" मी तिचा हातच धरला. गौराई गेली ती अंधारातनं गेली. बाहेर जाणारी पावलं आमच्या घरात कुणी काढत नाही.

आता ती कराडला कॉलेजात आहे, मोबाईल तिच्याकडंच. म्हणते, एवढ्या लांबून दिवे चालत नाहीत. असेल बाई. पण मी दिव्यांची पिन बटणातनं काढून तांदळाच्या डब्यात ठेवलीय.